ओहायोतली ताई

खरं सांगते, तुमच्या अंत्यविधीला मी आले ती माणसं ओळखायला.

भर उन्हाळ्याचा दिवस, डोंगराच्या उतारावरची ती गर्द झाडांची दफनभूमी, सगळे काळ्या कपड्यांत आणि मी एकटी पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये. माझा नवरा सुहास दोनदा कोपराने ढोसून म्हणाला, "अगं, असं टक लावून काय बघतेस लोकांकडे?" पण मी बघतच राहिले. एवढ्या उकाड्यात हातमोजे घालून लांब झाडाखाली उभी होती ती उंच बाई म्हणजे तुमच्या चौथ्या कादंबरीतली, नवऱ्याचे कोट अंगणात जाळणारी बायको. मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं, तरी हातमोज्यांवरून लगेच ओळखलं. सारखं घड्याळ बघणारा, पाठीत वाकलेला म्हातारा म्हणजे मित्राची बायको पळवणारा दंतवैद्य. तुमचा भाऊ आला नव्हता. तो येणार नाही हेही मला वाचून ठाऊक होतं. ज्यांना ज्यांना तुम्ही पुस्तकात घातलंत त्यांतले बरेच जण तुम्हाला मातीत घालायला आले होते, आणि त्यांच्या रांगेत मीही मूठभर माती घेऊन उभी होते. मनात एकच विचार होता, की यांच्यात माझाही नंबर लागलाय का?

पेपरांनी तुमच्यावर पानंच्या पानं लिहिली. जन्म कुठला, बक्षिसं कोणती, लग्नं किती, अमेरिका सोडून जर्मनीत हायडेलबर्गला येऊन का राहिलात. वरच्या मजल्यावरचा हा जगप्रसिद्ध कादंबरीकार दर गुरुवारी तळमजल्यावरच्या एका मराठी स्वयंपाकघरात मऊ भात आणि मेतकूट खायला येतो, आणि खाता खाता प्रश्न विचारतो, हे मात्र एकानेही लिहिलं नाही. बरंच झालं म्हणा. माझी भीती पेपरांची नव्हतीच. तुमची शेवटची कादंबरी छापायची राहिली होती. क्लेअरशिवाय, म्हणजे तुमच्या मुलीशिवाय, ती कुणी वाचलेली नव्हती. त्यात माझी ताई असली तर माझ्या घरात काय होईल, या विचाराने माझी झोप उडाली होती.

आपली ओळख नारळामुळे झाली. आमच्या इथल्या छोट्याशा मराठी मंडळात कुणीतरी शोध लावला, की फार मोठे अमेरिकन लेखक आपल्याच गावात राहतात. मग काय, गणपतीच्या कार्यक्रमाला तुम्हीच प्रमुख पाहुणे. तुमचं एकही पुस्तक कुणी वाचलेलं नव्हतं, मी धरून. अध्यक्षांनी परिचय करून देताना दुसऱ्याच कुणाची एक कादंबरी तुमच्या नावावर खपवली, आणि तुम्ही शांतपणे मान लववून तिच्या टाळ्याही घेतल्यात. माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथे. न लिहिलेल्या पुस्तकाचं कौतुक जो माणूस इतक्या सराईतपणे पचवतो, त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं, असं मी सुहासला घरी येताना म्हटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दारात. अंगावर सत्काराची शाल, हातात सत्काराचा नारळ. आपण एकाच इमारतीत राहतो हे तोवर मला नुसतं टपालपेटीवरच्या नावावरून माहीत होतं, आणि प्लास्टिक-डब्यांसाठीच्या पिवळ्या पिशवीत भलताच कचरा टाकून आम्हा सगळ्यांना बोलणी खायला लावतं कोण, तर हेच असणार, असा एक संशय होता.

"हे खायचं असतं," तुम्ही नारळ पुढे करत विचारलंत, "की जपून ठेवायचं असतं?"

मी तो बाल्कनीच्या दगडी कठड्यावर फोडला. खालून इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर ओरडत आला, की काय तोडताय? तर तुम्ही वाकून त्याला म्हणालात, "माझा सन्मान फोडतायत." तो आपला वर बघत उभा. माझा मुलगा निनाद तेव्हा किंडरगार्टनमध्ये होता. त्याने माझ्यामागून डोकावून विचारलं, "वेर इस्ट दास?" कोण हे? तुम्ही म्हणालात, "देअर नाखबार." शेजारी. त्या दिवसापासून तुम्ही आमचे नाखबार झालात. दर उन्हाळ्यात पुण्याहून येणाऱ्या माझ्या सासूबाईही मग म्हणायला लागल्या, "अगं, नाखबारांना तूप वाढ अजून, हाडं दिसतायत."

तुम्ही खोबरं खाल्लंत, चहा प्यायलात, आणि भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहिलात. दोन वेण्यांतल्या दोन मुली.

"ही तू. ही कोण?"

"माझी ताई. अमेरिकेत असते."

वाक्य माझं नव्हतंच, ते आमच्या घरचं होतं. वर्षानुवर्षं म्हणून म्हणून जिभेला इतकं बसलं होतं, की समोर कोण उभं आहे हे बघण्याआधीच बाहेर पडलं. पुण्यात "अमेरिकेत असते" म्हटलं की विषय संपतो. समोरचा फार तर ग्रीन कार्ड झालं का विचारतो. पण एका अमेरिकन माणसाला ही थाप मारायची अक्कल आमच्याशिवाय कुणाला सुचणार!

"अमेरिकेत कुठे?" तुमचे डोळे लकाकले.

"ओहायो," मी म्हटलं. चुलत बहिणीचे यजमान तिथे असतात, म्हणून तेच सुचलं. तेव्हा मी तुमचं पुस्तक वाचलेलं असतं, तर दुसरं कुठलंही राज्य निवडलं असतं.

"ओहायोत कुठे? तळ्याच्या बाजूला?"

"हो. तळ्याच्या बाजूलाच."

"मग बर्फाचे हाल असतील तिचे."

"खूपच बर्फ असतं," मी म्हणाले, आणि उगाच ओटा पुसायला लागले.

तुमच्या झाडून सगळ्या कादंबऱ्या ओहायोत, त्याच तळ्याकाठच्या गावात घडतात, हे मला पुढच्या आठवड्यात लायब्ररीत कळलं.

ताई कधीच अमेरिकेत नव्हती. ती साताऱ्याला होती, आजही आहे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती नवऱ्याचं घर सोडून आली आणि बाबांनी तिला दारातूनच परत पाठवलं. ती परत गेली नाही. साताऱ्याला जाऊन शाळेत नोकरी धरली, आणि पुढे तिथल्याच एका शिक्षकांबरोबर राहायला लागली, लग्नाशिवाय. बाबांनी आम्हाला बसवून सांगितलं, "कुणी विचारलं तर अमेरिकेत आहे म्हणायचं." आई तोंडाला पदर लावून बसली होती आणि मी मान हलवली. माझं लग्न ठरलं ते याच वाक्यावर. सासरी सगळ्यांना हेच माहीत, सुहासलाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता निनाद झाला, मग आम्ही जर्मनीला आलो, आणि ताई अमेरिकेतच राहिली.

म्हणून मी तुमची पुस्तकं वाचायला घेतली, ती काही साहित्याच्या ओढीने नव्हे. मला बघायचं होतं, स्वयंपाकघरात मी कोण माणूस आणून बसवलाय. पहिल्याच कादंबरीत तुमचा भाऊ होता, त्याच्या दारूसकट आणि रडण्यासकट. दुसरीत आई, शेवटच्या आजारपणातली. चौथीत बायको. सातवीत क्लेअर, सोळा वर्षांची, आणि तिचं एक असं गुपित जे कुठल्याही बापाने कुणाला सांगू नये. लिहिलेलं सुंदर होतं, हे कबूल. वाचता वाचता माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग रागच यायचा, की या माणसाने मलाही रडवलं. पुस्तक मिटलं की मी मनात हिशेब घालायची, या गुरुवारी मी काय काय बोलून बसले.

त्यानंतर मी सावध झाले. तुम्ही काही विचारलंत की "भात वाढू?" म्हणायची. तुमच्या लक्षात येत होतं. तरी जाताना दारात थांबून तुम्ही हटकून विचारायचात, "आणि ओहायोची काय खबर?" आणि मी म्हणायची, "मजेत आहे." तुमचा चेहरा इतका साधा असायचा, की नक्की काय समजायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

आपलं एकदाच खरं भांडण झालं. मी सरळ विचारलं होतं, "भावावर लिहिण्याआधी त्याला विचारलं होतंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

"मग?"

"मग पुस्तक झालं नसतं."

"भाऊ राहिला असता."

तुम्ही भाताचा घास तसाच ताटात ठेवलात. मग म्हणालात, "तो तसाही राहिला नसता. गेनाऊ, नेमकं हेच मी स्वतःला सांगतो." खरं तर मला विचारायचं होतं, की तुम्ही त्याला पुस्तकात घालून गमावलंत, आणि आम्ही ताईला कुठेच न घालता, नुसतं वगळून गमावलं, तर या दोहोंत बरं काय? पण हे विचारायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. मी ताक आणलं. तुम्ही प्यायलात. भांडण तिथेच राहिलं.

आता तुमच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकतर्फी लिहिते. एका वर्षी आमच्या व्हिसाचं घोंगडं भिजत पडलं होतं आणि सुहास कंपनीच्या कामाला बाड हॉम्बुर्गला. आउसलेंडरबेह्योर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, मी तिसऱ्यांदा जाणार होते. तुम्ही कोट चढवून जिन्यात उभे. म्हटलं, तुम्ही कशाला? तर म्हणालात, "मीही आउसलेंडरच आहे." दोन तास त्या बाकावर बसलात, निनादला मांडीवर घेऊन. काउंटरवरच्या बाईने माझ्या कागदांकडे न बघताच मान हलवली, तेव्हा तुम्ही तुमच्या त्या भयंकर जर्मनमध्ये म्हणालात, "आल्झो, आम्ही दोघं एकाच घरातले परके आहोत. एकदा नीट बघा." ती हसली आणि काम झालं. घरी येताना मला वाटलं, हे आता पुस्तकात येणार. उपकार केला माणसाने, आणि मी त्याच क्षणी त्याच्यावर संशय घेतला. असा माझा स्वभाव, तुम्ही तो चांगलाच ओळखून होतात.

इराकच्या लढाईच्या वर्षी इमारतीतले सगळे तुम्हाला जिन्यात अडवून जाब विचारायचे, जसं काही विमानं तुम्हीच पाठवली होती. तेव्हा तुम्ही गुरुवारची वाट न बघता रोज आमच्याकडे यायला लागलात. आमच्याकडे तुम्हाला कुणी काही विचारत नव्हतं. सासूबाई शेंगा सोलत बसायच्या, तुम्हीही त्यांच्याबरोबर सोलायचात. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. ते दिवस मला फार आवडले होते, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

आणि मग हॉस्पिटल. जुलै महिना, दुपार, खिडकीबाहेर ऊन नुसतं तापलेलं. तुम्ही उशीवर इतके लहान दिसत होतात, की मी डबा कुठे ठेवायचा तेच विसरले. तुम्ही डोळे उघडलेत. "ओहायोची काय खबर?"

"बरी आहे ताई. खूप बर्फ पडलंय म्हणाली."

तुम्ही खिडकीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"जुलैत?"

आणि तुम्ही हसलात. हसता हसता खोकला लागला, नर्स धावत आली, आणि मी पर्स उचलून निघाले. कानाच्या पाळ्या जळत होत्या. इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं तर! ट्राममध्ये बसल्यावरसुद्धा एकच प्रश्न डोक्यात, की तो चिमटा होता, की मला बोलायला दार उघडून दिलं होतंत? दुसऱ्या दिवशी जायचं ठरवलं. गेले नाही. आठवड्याने क्लेअरचा फोन आला.

मातीनंतर तीच मला म्हणाली, "शेवटच्या पुस्तकात एक शेजारीण आहे. छापायला द्यायच्या आधी वाचायचंय का?" तिने पानांचा गठ्ठा आणून दिला. निनाद शाळेत, सासूबाई बाहेरच्या खोलीत वाती वळत बसलेल्या, आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून वाचत होते. प्रत्येक पान उलटताना वाटायचं, आता येईल, आता ताई येईल.

ती शेजारीण पोर्तुगीज निघाली. मासे तळते, मोठ्याने गाते, कुणावर कधी संशय घेत नाही. आउसलेंडरबेह्योर्डे नाही, नारळ नाही, मेतकूट नाही. आणि तिला बहीण नाही. आईबापांची एकुलती एक आहे, असं तुम्ही एक अख्खं वाक्य खर्चून लिहून ठेवलंय.

आधी जिवात जीव आला. मग, तुम्हाला हसू येईल, पण मला अपमान वाटला. इतकी वर्षं वाढलेला भात, इतके गुरुवार, आणि आमच्यातलं काहीच तुमच्या उपयोगी पडलं नाही? की मुद्दाम सोडलंत? बहीण नाही, हे तुम्ही मला सांगत होतात की सहज लिहून गेलात? मी गठ्ठा परत द्यायला वर गेले, तेव्हा क्लेअर दारातच थांबली. तिची नजर मला आवडली नाही.

"माझ्या बाबांनी आयुष्यात कुणाला सोडलं नाही," ती म्हणाली. "मलाही नाही. तू काय केलंस?"

मी तुम्हाला फक्त खोटं सांगितलं होतं, आणि तुम्ही ते उघडं पाडलं नव्हतंत. पुस्तकात तुम्ही काही लिहिलं नव्हतंत, म्हणजे माझं घर सुरक्षित होतं. आता कुणीच काही सांगणार नव्हतं. आणि मला तेच सहन होईना.

खाली सासूबाई चहाला थांबल्या होत्या. म्हणाल्या, "काय गं, तुझ्या ताईला कळवलंस का? एवढा मोठा माणूस गेला, तिकडच्या पेपरात आलंच असेल म्हणा."

"आई," मी म्हटलं, "ताई अमेरिकेत नाही. कधीच नव्हती. साताऱ्याला असते."

सुहास टेबलाशी काहीतरी खात होता, तो खायचा थांबला. मी सगळं सांगून टाकलं, बसायचंही भान नव्हतं. सुहास मध्येच "म्हणजे इतकी वर्षं..." एवढंच म्हणाला आणि उठून बाल्कनीत गेला. सासूबाईंचा चहा गार झाला.

"म्हणजे दर वर्षी," त्या शेवटी म्हणाल्या, "मी तिला पाठवायला म्हणून मेतकुटाचं वेगळं पुडकं आणते, ते?"

"ते नाखबारांनी खाल्लं, आई."

त्यांच्या ओठांवर काय आलं ते रागाचं होतं की हसण्याचं, मला कळलं नाही. मग डोळे भरून आले त्यांचे. "मला इतकी परकी समजलीस? तू घर सोडून आली असतीस तर मीही तुला दारातून परत पाठवलं असतं, असंच वाटत होतं ना तुला?"

असंच वाटत होतं मला.

"अहो आई, तसं नाही..."

"राहू दे. नंबर आहे का तिचा?"

नव्हता. मावशीकडे होता. मावशीने तो काही न विचारता दिला, पाठच असल्यासारखा. नवं कॉलिंग कार्ड खरवडून मी फोन लावला. इकडे दुपार कलत आलेली, तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ. सासूबाई समोर बसून होत्या. बाल्कनीचं दार उघडं होतं, आणि सुहास पाठमोरा उभा असला तरी ऐकत होता.

"हॅलो, कोण?"

"ताई, मी वृंदा."

नुसता पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, "कोण गेलं? आई की बाबा?"

"कुणी नाही गं. दोघं बरे आहेत."

"मग? काय काम काढलंस?"

तो सूर माझाच होता. आम्ही दोघी एकाच घरात वाढलो ना.

"काम नाही. आमच्या इथले शेजारी गेले," मी म्हणाले. जुळवून ठेवलेलं बाकी सगळं मी विसरून गेले होते. "ते तुझी चौकशी करायचे. नेहमी करायचे."

"माझी? त्यांना काय माहीत मी कोण?"

"काही नव्हतं माहीत. तरी करायचे."

पुन्हा पंखा. आता ती फोन ठेवणार म्हणून मी रिसीव्हर कानावर दाबून धरला. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, एका पुरुषाने काहीतरी विचारलं, आणि ताई त्यांना म्हणाली, "थांबा जरा, वृंदाचा फोन आहे."

मग मला म्हणाली, "चांगले होते का गं?"

मी म्हटलं, हो.